‘आता शांत बसा आणि ऐका’

चर्चच्या शिबिरात वाटलेल्या कागदावर बायबलच्या वचनाच्या मननाच्या चार पायऱ्या होत्या. वाचन, मनन, प्रार्थना या तिघींना प्रत्येकी चांगला परिच्छेद. चौथीला एकच ओळ: ‘आता शांत बसा आणि प्रभू काय बोलतो ते ऐका.’ संपलं. किती वेळ बसायचं, काहीच ऐकू आलं नाही तर काय करायचं, आणि आलं तर ते प्रभूचं की आपल्याच डोक्यातलं हे कसं ओळखायचं, याबद्दल अवाक्षर नाही. त्या ओळीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी जालन्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बायबल आमच्या घरात नवीन नाही. आजीचं माहेर बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावचं. अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची, आमेन म्हणून कामाला लागायचं, एवढं अंगवळणी पडलेलं. ऐकण्याची गरज पडली ती वडील गेल्यावर. भोकरदनकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे, कापसाची. दादा म्हणाला, ‘बाई, हक्कसोडीवर सही करून टाक. तुला कुठं शेती करायची हाय?’ सही करू की नको, एवढंच मला देवाकडून हवं होतं.

प्रार्थना गटात विषय ठेवला, तर गटातल्या दोघी बहिणींनी बायबलमधले दोन उतारे दिले. एकीने लूक १२: गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, आणि येशू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? म्हणजे सही कर. दुसरीने गणना २७: सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून बापाचं वतन मागतात आणि परमेश्वर म्हणतो, या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. म्हणजे करू नकोस. दोघीही ठामपणे म्हणाल्या, ‘सिस्टर, प्रभूने हे तुझ्यासाठीच दिलंय.’

पहिल्या तीन पायऱ्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. उतारा दहा-बारा वचनांचाच घ्या आणि मोठ्याने वाचा, एवढं पुरे.

अडकले ते चौथीत. पहाटे उठायचं, खोलीचं दार लावायचं, डोळे मिटायचे. पाच मिनिटांत दादाचा आवाज. मग एकराला सध्या काय भाव चाललाय त्याचा हिशोब. मग गल्लीत टँकर आला, की ड्रम भरायचे राहिलेत. पुन्हा डोळे मिटले की ‘सही कर’ असं अगदी स्पष्ट ऐकू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तितकंच स्पष्ट ‘करू नकोस’. दोन्ही वेळा आवाज माझाच. मन शांत करायचं म्हणून श्वास मोजून पाहिले, तर श्वासच मोजत बसले.

गटप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, लहान शमुवेलासारखं म्हणा, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ तेही केलं. दर रविवारी उपासना सुटली की चपला घालता घालता त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘काय सिस्टर, प्रभू बोलला का?’ मी नाही म्हटलं की मान हलवायचे. एकदा म्हणाले, ‘विश्वास कमी पडतोय.’ घरी येऊन १ शमुवेल ३ पुन्हा काढला. ज्या शमुवेलाचा दाखला देतात, त्याला स्वतःला तीनदा कळलं नव्हतं कोण हाक मारतंय. देव हाक मारत होता, आणि पोरगं तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे पळालं. आणि शेवटी जे ऐकलं ते त्याच एलीच्या घराण्याच्या नाशाचं. सकाळपर्यंत ते सांगायचीही त्याला भीती वाटत होती. हा भाग प्रवचनात कुणी घेत नाही.

सुटका झाली ती शाळेतल्या एका कॅथोलिक बाईंमुळे. त्या वैजापूरकडच्या, घोगरगावच्या. कागद बघून म्हणाल्या, ‘अगं, ही तर मठातली जुनी पद्धत. अर्धी लिहिलीय यांनी.’ बाराव्या शतकात दुसरा गिगो नावाच्या, एकांतात राहणाऱ्या कार्थुसियन संघातल्या एका मठवासीने या चार पायऱ्या मांडल्या. त्याचं म्हणणं असं, की वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेने त्याची चव काढायची, आणि चौथी पायरी म्हणजे ती गोडीच. गोडी काही आपण करायची नसते. ती दिली जाते, किंवा त्या दिवशी दिली जात नाही. आपलं काम चावण्यापर्यंत आणि मागण्यापर्यंत. माझ्या कागदावर मात्र चौथ्या पायरीवरही आज्ञा होती: ऐका! हे कळल्यावर मी इतकी हलकी झाले, की त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा खायचाच राहिला.

त्यानंतर सहीचा प्रश्न दाराबाहेर ठेवून बसायला लागले. तोच उतारा, पाच मुलींचा. एका पहाटे वतनाच्या क्रमाशी थांबले. मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर भाऊ, भाऊ नसतील तर चुलते, तेही नसतील तर जवळचा नातलग. पुन्हा वाचलं. सलाफहादाची बायको कुठेच नाही. मुलींना आई असेल की नाही? आणि एकदम लक्षात आलं, आमच्या घरातही आईचं नाव कुणी काढलेलं नाही. दादाने नाही, मी नाही, गटातल्या दोघींनीही नाही.

याला प्रभूची वाणी म्हणायचं का? मी म्हणत नाही. सावकाश वाचलं म्हणून दिसलं, एवढं नक्की.

शनिवारी गावी गेले. आई सरकी निवडत बसली होती. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, ‘मला कुणी इचारलं का?’ आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत सारखं. हे आईला माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर हातातली सरकी सुपात टाकून म्हणाली, ‘मंग आधी माझं नाव लावा.’

लूक १२ वाल्या बहिणीसाठी एक: चौदाव्या वचनावर थांबू नका. पंधराव्यात सगळ्या प्रकारच्या लोभापासून सांभाळा म्हटलंय, आणि ते वाटा मागणाऱ्याइतकंच वाटा दाबून बसलेल्यालाही लागतं.

आधी सांगायचं राहिलं, मोबाईलवरचं बायबल यासाठी वापरू नका. वचनाच्या मध्येच शाळेच्या ग्रुपवर परिपत्रक येऊन पडतं. बोट ठेवून येईल ते पान उघडायचं, तेही नको. जे सुचेल ते वहीत लिहा आणि गटात लगेच सांगू नका. आणि मन बसलेलं, कोरडं असेल तेव्हा आधीचा निर्णय बदलू नका. हे येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचं, त्याच कॅथोलिक बाईंनी सांगितलेलं. १५२१ मध्ये पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या या सैनिकाला जाणवलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांच्या गोष्टींनंतर मात्र समाधान टिकून राहतं. काय ऐकू आलं यापेक्षा मागे काय उरलं ते पाहायचं. मला हे चौथ्या पायरीच्या त्या ओळीपेक्षा शंभरपट उपयोगी पडलं.

दादा सध्या मोजकंच बोलतो. गटप्रमुखांनी पुढच्या सभेत साक्ष द्यायला सांगितलंय, ‘प्रभूने सिस्टरला उत्तर दिलं’ म्हणून. देईन. पण सहीबद्दल मला अजून काहीही ऐकू आलेलं नाही, हेही सांगणार. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिलाय, आईचं नाव पहिलं.