तबल्यावर घर चालवायचं तर: वहीतली काही पानं

जून, शेवटचा आठवडा

बाहेर पाऊस आणि कार्यक्रमांचा दुष्काळ. वर्षाचा आकडा मांडायला हाच महिना बरा, कारण दिवाळीच्या गर्दीत मांडलेला हिशेब नेहमी गुलाबी निघतो.

पुण्यासारख्या शहरात साथसंगत करणाऱ्या तबलजीचा नमुना हिशेब असा. घरखर्च महिना ३२,००० म्हणजे वर्षाचे ३,८४,०००. पुड्या (तबल्या-डग्ग्यावर बसवायचं कातडं), वाद्यांची दुरुस्ती आणि दर काही वर्षांनी नवा तबला घ्यायचा तर त्यासाठी बाजूला ३६,०००. स्वतःच्या खिशातून होणारा प्रवास आणि फोन २४,०००. आरोग्य आणि अपघात विमा २६,०००. म्हातारपणासाठी ६०,०००. बेरीज ५,३०,०००. बारा महिन्यांनी भागलं की महिन्याला ४४ हजारांच्या थोडं वर. ज्याचा त्याचा आकडा वेगळा येईल, पण ही पाच खाती चुकवायची नाहीत. बहुतेकांच्या डोक्यात फक्त पहिलं खातं असतं आणि पुडी फाटली की ते पैसे किराण्यातून जातात.

आता जमेची बाजू. २२ विद्यार्थी, प्रत्येकी १,२००. महिन्याला २६,४०० होतात, पण ते बारा महिने धरणं ही स्वतःची फसवणूक. मे महिना सुट्टीचा, दिवाळीत गळती, परीक्षा झाली की काहीजण परततच नाहीत. दहा महिने धरावेत: २,६४,०००. कथकच्या वर्गाला ठेका धरण्याचे महिना ९,०००, तेही दहा महिने: ९०,०००. एकूण ३,५४,०००. राहिले १,७६,०००, ते मैफलींतून यायला हवेत. एका कार्यक्रमाला सगळा खर्च वजा जाता ४,००० हातात राहत असतील तर वर्षाला ४४ कार्यक्रम लागतील, ५,५०० राहत असतील तर ३२. नव्याला ४४ तारखा मिळणं अवघड आहे आणि ३२ तारखा याव्यात एवढा रियाज शाबूत ठेवणं त्याहून अवघड.

म्हणून घर शिकवण्यांवर उभं करायचं. मैफल वरच्या मजल्यावर.

जुलै, गुरुपौर्णिमेच्या आधी

फी महिन्याला घेतली की दर महिन्याला ‘पुढच्या वेळी देतो’ ऐकावं लागतं. तिमाही फी आगाऊ घ्यावी. चुकलेला तास पुढे ढकलायचा नाही. शिक्षक गावाला गेल्यामुळे बुडाला असेल तरच भरून द्यायचा. हा नियम पहिल्या दिवशी पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिखित पाठवावा. तोंडी सांगितलेला नियम दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

एका वेळी चारजण हा आकडा तबल्याला बरोबर बसतो. सहा झाले की डग्ग्यावरचा (डावीकडच्या मोठ्या वाद्यावरचा) हात कोणाचा चुकतोय ते ऐकूच येत नाही आणि ‘धिं’चं ‘तिं’ होऊन जातं. नुसत्या व्हिडिओवर नवशिक्याला घडवण्याच्या फंदात पडू नये. आवाज मागेपुढे येतो, लय सांगता येत नाही. परदेशातले मराठी पालक विचारतात तेव्हा स्पष्ट सांगावं: मुलाने रेकॉर्ड करून पाठवायचं, आपण ऐकून दुरुस्त्या सांगायच्या, एकत्र वाजवणं होणार नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. विद्यार्थी टिकतात ते बरेचसे या परीक्षांच्या धाग्यावर. शिवाय गायनाच्या परीक्षार्थींना साथीदार लागतो, केंद्रावर दिवसभर बसलं की बरी रक्कम होते. या कामाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. विलंबित एकताल (संथ लयीतला बारा मात्रांचा ताल) एकाच दिवसात दहा वेगवेगळ्या कच्च्या गळ्यांबरोबर सांभाळणं याच्याइतकी तालीम दुसरीकडे फुकट मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

ऑगस्ट

गणपतीचे फोन सुरू झाले. मानधन विचारलं की माणूस कार्यक्रमाचे तास मोजतो आणि तिथेच बुडतो. दिवस मोजायचे.

कोल्हापूरचा कार्यक्रम, ६,००० सांगितले. तालमीचा अर्धा दिवस, कार्यक्रमाचा पूर्ण दिवस, रात्री उशिरा निघून पहाटे पुण्यात पोचल्यावर गेलेला दुसरा दिवस. अडीच दिवस झाले, म्हणजे दिवसाला २,४००. आपल्याच शहरातल्या कार्यक्रमाला ३,५०० मिळत असतील आणि तालीम धरून एकच दिवस जात असेल, तर तो जास्त देतो. त्याच दराने कोल्हापूरचे ८,७५० होतात. ९,००० सांगावेत, प्रवास, जेवण आणि मुक्काम वेगळा. आयोजक सात म्हणाला तर निदान आपण किती सोडतोय ते माहीत असतं.

फोनवर ‘या तुम्ही, बघू’ एवढ्यावर तारीख अडवू नये. फोन ठेवल्याबरोबर निरोप पाठवावा, साधारण असा:

‘नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ६ ते ९, आपल्या सभागृहात साथीसाठी येतोय. मानधन ९,०००, प्रवास आणि मुक्काम आपल्याकडे. अर्धी रक्कम तारीख ठरल्यावर, उरलेली कार्यक्रम संपल्यावर. आठवड्याच्या आत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही. चित्रीकरण किंवा थेट प्रक्षेपण असेल तर आधी कळवावं. गायिकेची पट्टी कोणती?’

शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. ती काळी एक असेल तर सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा तबला लागतो, काळी चार-पाचला सहा इंचांच्या आसपासचा. एकच तबला ताणून दोन्हीकडे नेणारे पुडीचं आयुष्य निम्मं करतात. साधारण अर्धा स्वर वर-खाली सुरक्षित, त्यापुढे नाही. म्हणजे धंदा करायचा तर किमान तीन तबले, आणि हा खर्च जूनच्या त्या ३६ हजारांत बसवायचा.

गणपती

फुकट कुठे वाजवायचं, याचा वाद दर वर्षी होतो. माझं मत असं: गुरूंच्या पुण्यतिथीला, गुरुबंधूच्या पहिल्या मैफलीला, देवळातल्या सेवेला पैसे मागू नयेत. तो आपल्या घराचाच व्यवहार आहे. मात्र मंडपात बिल्डरचे चार फ्लेक्स लागलेत, निवेदकाला पाकीट मिळालंय, ध्वनिवाल्याचं बिल आधीच चुकतं झालंय आणि फक्त साथीदारांसाठी ‘बजेट नाही, पण नाव होईल’ असेल तर नाही म्हणावं. नाही म्हणताना दुसऱ्या चांगल्या, जरा नव्या वादकाचं नाव सुचवू नये. तो फुकट जाईल आणि पुढच्या वर्षी त्या मंडळाचा दर शून्यच राहील.

मांडवातला आवाज हा वेगळा विषय. शेजारी मॉनिटर स्पीकर असतो. ८५ डेसिबलला कानांना आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तासच. स्पीकर कानाच्या रेषेतून हलवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. कान गेले की तबला जुळवणं गेलं.

नोव्हेंबर, दिवाळी पहाट

मैफलींची वर्षाची निम्मी कमाई या आठवड्याच्या आसपास होते आणि वाद्यं सगळ्यात जास्त याच आठवड्यात मारली जातात.

मैदानात पहाटे पाचला दव असतं. कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. आपण वर चढवतो. साडेसातला ऊन थेट पुडीवर येतं, कातडं कोरडं होऊन ताणलं जातं, सूर चढतो. मध्यंतरात न उतरवता तसाच वाजवत राहिलं की चाटेपाशी, म्हणजे कडेला, पुडी सुटते. म्हणून गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून हलके ठोके देऊन चढवायचं, खालून ठोकून उतरवायचं. गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) मोठ्या फरकासाठी, स्टेजवर शक्यतो हात लावू नये. वाजवून झाल्यावर पुडी फडक्याने पुसून, गादी घालून पिशवीत. घामट बोटांनी शाई (पुडीवरचा काळा गोल) भिजते, तिचे कण सुटतात आणि मग ‘ना’ मागे बारीक खरखर येते. ती एकदा आली की पुडी बदलण्यावाचून इलाज नाही.

वातानुकूलित सभागृहात हाच खेळ उलटा, हवा कोरडी म्हणून सूर वर जातो. पाऊण तास आधी वाद्य उघडून ठेवावं.

विमानाने जायचं असेल तर हातोडी चेक-इन सामानात. केबिनच्या पिशवीत राहिली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि मग रात्री परक्या गावात हातोडी शोधत फिरा. डग्गा आणि तबला एकत्र केबिनच्या सात किलोंच्या मर्यादेत बसवणं जड जातं, तेव्हा एक वाद्य आधीच दुसऱ्या कोणाच्या हाताशी द्यावं.

डिसेंबर

महोत्सवांच्या मोसमात कॅमेरे वाढतात. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकाराच्या सादरीकरणावर ५० वर्षं त्याचा हक्क असतो. साथीदारही कलाकारच आहे, मुख्य गायकाने होकार दिला म्हणजे आपला होकार झाला असं नाही. हक्क देताना कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कंपन्यांच्या तयार मसुद्यात ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं असतं ते याच कारणाने. ते शब्द वाचूनच सही करावी. दर वेळी भांडायला हवं असं नाही, पण थेट प्रक्षेपण आणि नंतर चॅनेलवर कायम ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचा दर वेगळा मागता येतो.

जानेवारी

सलग कार्यक्रमांनंतर मनगट आणि कोपर दुखणारे भरपूर. कारण बहुधा रियाज नसून आसन असतं. कंबर खाली, गुडघे वर असं बसलं की खांदे पुढे येतात आणि सगळा भार मनगटावर. बुडाखाली घोंगडीची दुमडी घेऊन कंबर गुडघ्यांच्या थोडी वर आणावी. पंचवीस मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात मोकळे. सुरुवात संथ लयीत, थंडीत तर आणखी संथ, पहिल्याच मिनिटाला ‘तिरकिट’ दुगुणीत नको. दोन आठवडे उतरत नसलेली बधिरता किंवा मुंग्या यांच्यावर तेल चोळत बसू नये, डॉक्टरकडे जावं. कार्यक्रम रद्द करावा लागणार, म्हणूनच सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात पडलेला हवा. वरच्या हिशेबाने १,९२,०००. एकदम होत नाही. दिवाळीच्या कमाईतला पाचवा हिस्सा तिकडे वळवला तर हळूहळू होतो.

मार्च

पावत्यांचा महिना. संस्थेने वर्षभरात ५० हजारांच्या वर मानधन दिलं की ती १० टक्के प्राप्तिकर कापून घेते (२०२५-२६ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती). पॅन दिला नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम बुडालेली नसते. विवरणपत्र भरलं आणि कर देणं लागत नसेल तर ती परत येते. कित्येक कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपलेच पैसे सरकारकडे ठेवतात. भरलं की गृहकर्जासाठी उत्पन्नाचा कागदही तयार होतो.

जीएसटीची भीती अनाठायी असते. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर कर नाही. सुगम आणि चित्रपटगीतांना ही सूट नाही, पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही.

शिष्यवृत्त्या आकड्यात धरू नयेत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची दोन वर्षं महिना ५,०००, कनिष्ठ फेलोशिप १०,०००, ज्येष्ठ २०,०००. मिळाली तर उत्तम, पण हप्ते आपल्या सोयीने येत नाहीत. त्यावर वर्ग बंद केले की दोन वर्षांनी विद्यार्थी शून्यापासून. तो पैसा वाद्य, ध्वनिमुद्रण, गुरूंकडचा प्रवास यांवर लावावा. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन महिना ५,००० आहे. त्यावर म्हातारपण निघणार नाही, हे तिशीतच कळलेलं बरं.

म्हातारपणाच्या ६० हजारांसाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) अनियमित कमाईला सोयीचं. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, कितीही हप्त्यांत. मुदत १५ वर्षं. व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, त्यामुळे ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. गुढीपाडव्याच्या पहाटेचे पैसे हातात असतील तर वर्षाचा हप्ता ५ एप्रिलच्या आत टाकावा, नाहीतर मे महिन्यात विद्यार्थी सुट्टीवर गेले की तो घरखर्चातच जातो.