उणे 80 आणि चवथीतली लाईट

चवथीच्या आधीच्या बुधवारी कुरिअर येणार म्हणून मी दुपारपासून गेटवर उभी होते. थर्माकोलचा खोका बंगळुरूहून निघून दोन दिवस वाटेत होता. आत सुका बर्फ उरलाय की नाही, एवढंच डोक्यात होतं. उघडला तर मूठभर शिल्लक होता, पांढरी वाफ निघत होती, आणि मधे करंगळीच्या पेराएवढी नळी. तिच्या तळाशी गोठलेला थेंब. त्या थेंबात 10 मायक्रोग्रॅम प्रोटीन. मिठाचा एक कणही त्याहून जड भरतो. माझ्या महिन्याच्या 37,000 रुपयांच्या संशोधन फेलोशिपमध्ये ती नळी आली नसती. प्रोजेक्टच्या पैशांतून ती घ्यायला मी मॅडमना चार महिने विनवत होते.

हे प्रोटीन म्हणजे जीएसके-3 बीटा. माणसाच्या शरीरातलं एक कायनेज. कायनेज एटीपीकडून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, फॉस्फेट घेतं आणि दुसऱ्या प्रोटीनवर ठरावीक जागी बसवतं. फॉस्फेट बसलं की त्या प्रोटीनचं काम सुरू तरी होतं, नाहीतर थांबतं. पेशीच्या आतले बहुतेक निरोप असेच हातोहात पुढे जातात. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेच्या वर कायनेजेस आहेत. 2002 साली त्यांची पहिली पूर्ण यादी झाली तेव्हा आकडा 518 होता.

नळीवरच्या लेबलात 'मानवी' हा शब्द आहे, पण ते कुणा माणसातून काढलेलं नाही. माणसाचं जनुक एका विषाणूत घालून तो किड्याच्या पेशींत सोडतात, आणि त्या पेशी हे प्रोटीन तयार करतात. या एसएफ9 पेशी मूळच्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयाच्या. चंदगडला मावशीच्या मक्यावर हीच अळी पडली होती. 2018 साली ती भारतात पहिल्यांदा सापडली आणि वर्ष-दोन वर्षांत सगळीकडे पसरली. पोंग्यातली पानं कातरून टाकणाऱ्या किड्याच्या पेशी 27 अंशांवर काचेच्या चंबूत वाढतात आणि माणसाचं कायनेज बनवतात, हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "मग तिला सांग, तिथंच राहा म्हणून."

मी हेच कायनेज का धरलं, तर आईमुळे. आईला चौदा वर्षं मधुमेह आहे आणि आता इन्सुलिन चालू आहे. जेवल्यावर इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन बसतं, आत निरोप जातो, आणि एकेट नावाचं दुसरं कायनेज जीएसके-3 बीटावर फॉस्फेट बसवतं. साखळीतल्या नवव्या अमिनो आम्लावर, ते सेरीन असतं. त्यानं हे कायनेज थंडावतं. बहुतेक कायनेजेस निरोप आला की जागी होतात. हे उलटं आहे: एरवी चालू असतं आणि निरोप आला की थांबतं. ते थांबलं की ग्लायकोजेन बनवणाऱ्या ग्लायकोजेन सिंथेज या एन्झाइमवरचा त्याचा दाब सुटतो आणि साखर ग्लायकोजेन होऊन साठते. 1980 साली स्कॉटलंडमधल्या डंडीला फिलिप कोहेन यांच्या प्रयोगशाळेत ते सशाच्या स्नायूंतून वेगळं काढलं, ते याच कामासाठी ओळखलं गेलं. अल्झायमरमध्ये ज्या टाऊ प्रोटीनच्या गुंतवळी होतात, त्यावरही ते फॉस्फेट बसवतं, हे पुढे कळलं.

माझं काम गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीतलं. रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे जायचं, परवानगीचा कागद जवळ ठेवायचा, ओहोटीला मुळांजवळचा चिखल आणायचा आणि त्यातली बुरशी वाढवायची. तिच्या अर्कांत हे कायनेज थांबवणारं काही आहे का, ते बघायचं. समुद्राकडे बघायचं कारण आहे. भूमध्य समुद्रातल्या ज्या शंखांपासून प्राचीन काळी जांभळा रंग काढत, त्यांच्यात ब्रोमीन असलेली इंडिरुबिन द्रव्यं सापडली. ती जीएसके-3 ला अडवतात, हे 2003 साली दाखवलं गेलं. राजांच्या झग्यांचा तो रंग.

तर नळी आली. बर्फावर ठेवून ती वितळवली आणि 20 नळ्यांत वाटली, प्रत्येकीत 500 नॅनोग्रॅम. हे वाटप करावंच लागतं, कारण प्रत्येक गोठणं-वितळणं प्रोटीनला सोसत नाही. एक नळी त्याच संध्याकाळी तपासली. आमच्या चाचणीत कायनेजनं जेवढं एटीपी खर्च केलं तेवढा शेवटी उजेड मिळतो, आणि तो उजेड काजव्याच्या एन्झाइमचा असतो. आकडे सुरेख आले. उरलेल्या 19 नळ्या उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून मी मयेला, गावच्या घरी गेले. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायची होती.

पहिल्याच रात्री वादळ झालं. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि मये अंधारात गेलं. समईच्या उजेडात आरती झाली. दुसऱ्या दिवशीही लाईट नव्हती, तेव्हा आईनं फ्रीजच्या दारातली इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात घातली आणि डबा पाण्यानं भिजवलेल्या मडक्यात ठेवला. वर ओला पंचा. वापरातली कुपी 25-30 अंशांत चार आठवडे टिकते, पण पुढच्या महिन्याच्या कुपीसाठी तिला ही काळजी. "तुझ्या औषधाला कोण बघतं गो तिकडे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तिथं जनरेटर आहे.

जनरेटर चालू झालाच नव्हता. सुट्टीत इमारत रिकामी, अलार्म वाजून वाजून बॅटरी संपली असणार. सोमवारी गेले तेव्हा फ्रीजरच्या पडद्यावर उणे 80 दिसत होतं, आणि दार उघडून बघितलं तर नळ्या सगळ्या गोठलेल्याच. मला हायसं वाटलं. मग खालच्या कप्प्यात बर्फाचा सपाट थर दिसला. पाणी होऊन पुन्हा गोठल्याशिवाय तसा थर होत नाही. फ्रीजरच्या वरच्या बाजूला गोल कागदावर तापमानाची रेघ काढणारं जुनं यंत्र आहे, ते कुणी बघत नाही. त्या कागदावर रेघ शुक्रवारी रात्री वर चढायला लागली होती, अधिक 9 ला पोचली होती आणि रविवारी सकाळी पुन्हा खाली आली होती.

एक नळी मी जेलवर खर्ची घातली; जेलवर प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी होऊन पट्ट्यांत दिसतात. निळा पट्टा बरोबर जागेवर, रेणूच्या वजनाच्या 50 किलोडाल्टन खुणेच्या किंचित खाली, एकच, कडा स्पष्ट. कुठेही तुकडे नाहीत. जेल बघून कुणीही म्हणालं असतं की प्रोटीन उत्तम आहे. मग दुसऱ्या नळीची चाचणी घेतली. बुधवारच्या मानानं 11 टक्के उजेड. तिसरी नळी, 9 टक्के.

हा फरक मला शब्दांत कुणी शिकवला नव्हता. जेल प्रोटीन आहे की नाही एवढंच सांगतं, कारण जेलवर चढवण्याआधी आपणच त्याला उकळून, घड्या उलगडून सरळ करतो. काम मात्र घडीत असतं. 420 अमिनो आम्लांची ही साखळी दोन गोळ्यांसारखी घडी होऊन बसते, मधल्या खाचेत एटीपी शिरतं, आणि खाच नेमकी तशी राहिली तरच फॉस्फेट पलीकडे जातं. आईचं इन्सुलिनही प्रयोगशाळेतच बनलेलं मानवी प्रोटीन, जिवाणूंत तयार केलेलं; 1982 पासून औषध म्हणून मिळतं. पण ते अवघं 51 अमिनो आम्लांचं आहे आणि गंधकाच्या बंधांनी घट्ट शिवलेलं आहे. मडक्यात त्याचं भागलं. माझ्या नळ्यांचं भागलं नसतं.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आठ महिन्यांच्या चिखलातून काढलेले अर्क तयार होते आणि ते कशावर घालायचे तेच उरलं नव्हतं. पुन्हा विकत घ्यायला पैसे नव्हते. मॅडम म्हणाल्या, आपण बनवूया.

जीएसके-3 बीटा ई. कोलाय जिवाणूतही बनतं, हे आमच्या बाजूचं होतं. जनुक असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, मागवलं; त्यात प्रोटीनच्या टोकाला सहा हिस्टिडिन अमिनो आम्लं जोडलेली. पहिल्या खेपेला मी जिवाणूंना 37 अंशांवरच प्रोटीन बनवायला लावलं. घाईत बनलेल्या प्रोटीनला घडी घालायला वेळ मिळत नाही. सगळं गुठळ्या होऊन तळाशी बसलं. दुसऱ्या खेपेला वाढ झाल्यावर 18 अंशांवर आणून रात्रभर सावकाश चालू दिलं. सकाळी पेशी फोडून, गाळून, तो रस शीतगृहात निकेलच्या मण्यांवरून सोडला. मणी फिकट निळे असतात. हिस्टिडिन निकेलला धरून ठेवतं, बाकीचं वाहून जातं, आणि शेवटी निकेलवर हिस्टिडिनची जागा घेणारं इमिडाझोल घातलं की आपलं प्रोटीन सुटतं. चार अंशांत स्वेटर घालून सहा तास थेंब मोजत बसले. दोन लिटर जिवाणूंच्या वाढीतून साधारण 1 मिलिग्रॅम हाती आलं. विकत आणलेल्या नळीच्या शंभरपट.

पट्टा जेलवर छान आला. यावेळी त्याकडे मी फार बघितलं नाही.

चाचणीची छोट्या खणांची पट्टी लावली त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं, बाहेर फटाके वाजत होते. काही खणांत नुसतं कायनेज. काहींत लिथियम क्लोराईड, कारण लिथियम हे कायनेज अडवतं, 1996 पासून माहीत आहे. उजेड दिसला तरी तो याच कायनेजचा आहे, जिवाणूतून चुकून आलेल्या दुसऱ्या कशाचा नाही, हे त्यानं कळणार होतं. आकडे एकेक करून पडद्यावर आले. नुसत्या कायनेजच्या खणांत उजेड भरपूर होता, आणि लिथियम जसजसं वाढत गेलं तसतसा तो उतरत गेला.

आता 5-5 मायक्रोलिटरच्या नळ्या केल्यात. अर्ध्या आमच्या फ्रीजरमध्ये, अर्ध्या पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या लाईनवरच्या फ्रीजरमध्ये. सोमवारी सकाळी पहिल्यांदा मी तो गोल कागद बघते. शनिवारी ओहोटी साडेनऊला आहे, चोडणला जायचंय.