अंबाडा

सकाळी सव्वासहाला फोन वाजला. "डॉक्टर, ही गेली. साडेचारला. उशीर चालणार नाही म्हणाला होतात, म्हणून आधी तुम्हालाच कळवतोय." रामबागेतले काका. आवाज अगदी स्थिर होता, म्हणूनच मला गलबलून आलं.

मी इंदूरमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. काकूंना नऊ वर्षं विस्मरणाचा आजार होता. शाळेत गणित शिकवलेली बाई, शेवटी शेवटी काकांनाच विचारायची, "आपण कुणाकडे आलात?" दोन वर्षांपूर्वी काका माझ्याकडे आले ते एवढंच विचारायला, की हिचा मेंदू पुढे अभ्यासाला ठेवता येईल का. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण गोठवून ठेवायचा मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढून सांभाळावा लागतो, इंदूरहून ते जमवणं अवघड. फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेला मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मात्र उत्तम चालतो आणि ते काम आमच्या विभागात होण्यासारखं होतं. संमतीचे कागद तेव्हाच करून ठेवले.

तरी ऐन वेळी घरात कालवा झालाच. काकूंचे धाकटे भाऊ ग्वाल्हेरहून फोनवर ओरडत होते, "डोकं फोडणार तिचं? पुढच्या जन्मी वेडी जन्माला येईल!" मुलगी रडायला लागली. मी सांगितलं, छेद मागच्या बाजूने, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांत असतो, चेहऱ्याला काही होत नाही आणि दुपारपर्यंत त्या घरी येतील. काकांनी फोन घेतला. "अरे, या जन्मातलीच तिची नऊ वर्षं गेली. पुढच्या जन्माचं मला नको सांगूस."

इंदुरात नेत्रदानाचं, देहदानाचं लोक आपणहून विचारतात. मेंदूचं मात्र आम्ही डॉक्टरच कधी कुणाला सुचवत नाही. मला ही आमची चूक वाटते.

मेंदू भरला ९६० ग्रॅम. बाईमाणसाचा साधारण बाराशेच्या आसपास असतो. खळगे रुंदावलेले, वळ्या बारीक झालेल्या. तळाशी जी धमनी असते तिच्याखालून दोरा ओवून तो फॉर्मालिनच्या बादलीत उलटा टांगला. नुसता सोडला तर बुडाशी टेकून चपटा होतो. दोन-तीन आठवडे तसाच राहू द्यायचा, मग कुठे कापण्याइतका घट्ट होतो.

टाके घालून झाले. निघताना मुलीने माझ्या हातात पाच काळे आकडे ठेवले होते, "आई अंबाड्याशिवाय कधी बाहेर पडली नाही." केस पुसून, विंचरून मी अंबाडा घातला. आईच्या आजारपणात शिकले होते, तरी दोनदा सोडून पुन्हा बांधावा लागला. संध्याकाळी रामबाग मुक्तिधामात टाका कुणालाच दिसला नाही.

दीड महिन्याने मेंदूच्या पातळ कापांच्या काचपट्ट्या तयार झाल्या. चांदीच्या रंजकात पेशींमधले गुंते काळे उमटतात, भोवती प्रथिनांचे डाग. अल्झायमरच. १९०६ मध्ये स्वतः डॉक्टर अल्झायमर यांनी हेच पाहिलं होतं. त्यांच्या त्या रुग्ण बाईंचा मेंदू फ्रँकफर्टहून म्युनिकला मागवून घेतला होता त्यांनी.

काका आले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ ते डोळा लावून होते. "पैसे चोरले म्हणून माझ्यावर आळ घ्यायची. चार वर्षं. मला वाटायचं, हिच्या मनात माझ्याबद्दल आधीपासूनच काही असेल."

"काका, ते मनातलं नव्हतं. ते हे होतं." मी काळ्या गुंत्यावर काटा आणून ठेवला.

ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, परत घातला, पुन्हा एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "मागे तुम्ही म्हणाला होतात, तुलनेला निरोगी मेंदूही लागतात, आणि ते देणारे फारच थोडे." मी मान हलवली. "मी ब्याऐंशीचा आहे. पासबुक अजून मीच तपासतो. फॉर्म आहे का इथे?"

मी फॉर्म काढून दिला आणि सांगितलं, की मागे राहणाऱ्या माणसाची संमतीही लागते. त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला.