घर आत्ताच मुलाच्या नावावर करावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच आहे: ‘आमच्यामागे पोरांना कोर्टकचेऱ्या नकोत, तर फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने मुलाला देऊन टाकावा का?’ आमचं उत्तर बहुतेकदा ‘नको’ असतं. मृत्युपत्र करा आणि घर हयात असेपर्यंत स्वतःच्या नावावरच ठेवा.

बक्षीसपत्राचा मोह का पडतो, ते समजतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. (स्थानिक अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा.) पण दस्त नोंदला गेला की मालक बदलला. नंतर मन बदललं म्हणून बक्षीस परत मागता येत नाही.

मुलगा बघेल की नाही, ही धास्ती सगळ्यांनाच असते, बोलून कुणी दाखवत नाही. पण मुलगा कितीही चांगला असला तरी त्याचा धंदा बसू शकतो, आणि त्याच्या थकलेल्या कर्जापायी तुमच्या राहत्या घरावर जप्ती येऊ शकते. किंवा तो तुमच्याआधी जाऊ शकतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता गेलेल्या मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलं आणि आई येतात. वडील येत नाहीत! ज्यांनी हप्ते फेडून घर घेतलं, त्यांनाच त्यात वाटा नाही.

तरीही द्यायचंच असेल, तर दस्तात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. एक, तुम्हा नवरा-बायको दोघांनाही हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क. दोन, मुलाने जेवणखाण, औषधपाणी आणि देखभाल करायची, या अटीवरच घर दिलं आहे. दुसरं वाक्य ‘आमच्यात असलं कशाला लिहायचं’ म्हणून गाळलं जातं आणि नेमकं तेच नडतं. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं, की देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांपुढे करायचा. देणाऱ्याचं वय ६० पूर्ण हवं. पण अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं, असं सांगितलं. त्या प्रकरणातही देखभालीचं वचन कागदावर होतंच.

नवरा गेल्यावर आईकडून घाईघाईने सही घेतलेलं हक्कसोडपत्र हाही याच जातीचा दस्त. तेराव्याच्या आत कशावरही सही करू नका.

आता मृत्युपत्र. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी करून घ्यावी, म्हणजे सही खोटी म्हणणं अवघड जातं. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि तुम्ही सही करताना दोघं समोर असावेत. साक्षीदार तुमच्याच वयाचे घेतात, ही सर्रास होणारी चूक. पुढे वाद झालाच, तर किमान एकाला कोर्टात सांगावं लागतं, तेव्हा वयाने लहान, ओळखीचे आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे निवडा. सत्तरीपुढे असाल, तर शुद्धीत आणि समजून सही करत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या.

मजकुरात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे असू द्या, आणि यादीत न आलेली मिळकत कुणाला, हेही. नाहीतर विसरलेल्या एका ठेवीपायी सगळे वारस पुन्हा गोळा करावे लागतात. एखाद्या मुलाला कमी देत असाल, तर कारण एका ओळीत लिहा. गप्प राहिलात तर तेच ‘दबावाखाली केलं’ म्हणायला निमित्त होतं.

फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, तर प्रत्येकाला आपापल्या हिश्शापुरतंच लिहिता येतं. म्हणून मृत्युपत्रं दोन करा, वेगवेगळी. आणि सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून थांबू नका: नॉमिनीला सोसायटी फक्त तात्पुरता सभासद करून घेते, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचीच राहते.