दुकानातला बोलका डबा आणि उधारीची वही

माझं किराणा दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, एका लहान गावात आहे, आणि दुकानाला लागूनच पिठाची चक्की. गिऱ्हाईक म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारे शेतकरी आणि त्यांच्याकडे रोजीनं जाणाऱ्या बाया. कॅशलेसच्या फायद्यांवर काहीही वाचायला घेतलं की पहिला फायदा ठरलेला असतो: वेळ वाचतो. आमच्याकडे दळण टाकून बाई निवांत गप्पा मारत बसते, तिला वाचलेल्या वेळेचं काय कौतुक! आणि रेंज गेली असेल तर माणूस मारुतीच्या पारावर चढून फोन डोक्याच्या वर धरतो, तेव्हा कुठे तेलाच्या पुड्याचे पैसे जातात. वेळेचा विषय न काढलेलाच बरा.

गावातल्या माणसाचा फायदा मला दुसराच दिसतो. पैसा दिला-घेतला याचं लिहिलेलं राहतं, तेही रुपयापर्यंत. बाकीचे सगळे फायदे त्याच्या पोटातून निघतात.

वेचणीच्या मजुरीचंच बघा. शेतात ताणकाट्यावर प्रत्येकीचा कापूस मोजतात, मुकादमीण वहीत किलो लिहिते आणि बाजाराच्या दिवशी हिशेब होतो. पूर्वी शेतकरी तालुक्याला जाऊन नगदी आणायचा, त्याच्या हातात सगळ्या पाचशेच्या नि शंभराच्या नोटा. एखादीचे सहाशे चाळीस झाले तर तिला सहाशे मिळायचे आणि वर "चाळीस पुढच्या बाजारी" असं ऐकायला मिळायचं. ते चाळीस पुढच्या बाजारी कोणाच्याच लक्षात नसायचे. राऊंड फिगर नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं होते, घेणाऱ्याच्या बाजूनं झालेली मी तरी पाहिली नाही. फोनवर सहाशे चाळीस म्हणजे सहाशे चाळीसच. आम्ही दुकानदारही काही साव नव्हतो म्हणा. दोन रुपये परत द्यायचे तर चॉकलेट, आणि चिल्लर पाहिजे तर आधी काहीतरी घे.

यूपीआय २०१६ मध्येच आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ऐन वेचणीच्या दिवसांत नोटाबंदीही आली. पण आमच्या गावाने तेव्हा हे काही उचललं नाही. हातात स्मार्टफोन नव्हते, रांगेत उभं राहण्यातच हंगाम गेला. पोरांच्या हाती स्वस्त डेटाचे फोन आले, लॉकडाऊनमध्ये नोटेला हात लावायची भीती बसली, तेव्हा कुठे दुकानात क्यूआर लागला. चक्कीच्या पिठाने तो पांढरा व्हायचा, म्हणून वर पारदर्शक टेप लावली आहे. तरी दुपारपर्यंत फडक्यानं पुसावाच लागतो.

पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं सांगणारा तो बोलका डबा, म्हणजे साउंडबॉक्स, मी नाइलाजानं घेतला. काही पोरं जुन्या पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून सिगारेटचं पाकीट घेऊन जायची. आता डबा बोलला तरच माल. चक्कीच्या आवाजात तो ऐकू येत नाही म्हणून काट्याच्या शेजारी, अगदी कानाशी ठेवला आहे. खात्यातून खात्यात येणाऱ्या यूपीआयच्या पैशावर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून कमिशन पडत नाही, पण डब्याचं भाडं महिन्याला बरोबर कापलं जातं. फुकट काहीच नाही, हेही सांगून ठेवते.

मला स्वतःला याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो चक्कीची मोटर जळली तेव्हा. नवी मोटर घ्यायची होती, सोबत मिरची-हळद कांडायचं यंत्र बसवायचं होतं. मुद्रा योजनेत पन्नास हजारांच्या वरचं, पाच लाखांपर्यंतचं कर्ज 'किशोर' गटात येतं, त्यासाठी अर्ज केला. बँकेतले साहेब म्हणाले, "ताई, उलाढाल दाखवा." मी सासऱ्यांपासून चालत आलेली उधारीची वही पुढे केली. त्या वहीत अख्खं गाव आहे: कोणाच्या घरी बारसं झालं, कोणाचा बैल मेला, कोणाचा कापूस कोणत्या महिन्यात विकला गेला, सगळं उधारीवरून कळतं. साहेबांनी दोन पानं उलटली आणि वही आदरानं परत दिली. मग खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं. दहा रुपयांचं दळण, दोन रुपयांची शाम्पूची पुडी, पाच रुपयांचा बिस्किटपुडा, अशा नोंदींनी कागदांचा हा गठ्ठा भरला. गल्ल्यातल्या नोटांना असं कोणी विचारलं नसतं. कर्ज मंजूर झालं, आणि कर्जाच्या कागदावर नाव माझं आहे, आमच्या ह्यांचं नाही.

कराची भीती मात्र गावोगावी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या लहान दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बाजारातही एक-दोघांनी क्यूआर उतरवून ठेवले. माझ्या मते ते उगाच घाबरले. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर, आणि माझ्यासारखं दळणही करून देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी, आणि तिथे पोचायला आमच्या दुकानाला आख्खं गाव दोनदा जेवू घालावं लागेल. आयकरात तर उलटंच आहे. लहान व्यापाऱ्याच्या अंदाजे नफ्याचं जे कलम आहे, त्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर ६ टक्के. म्हणजे डब्यातून आलेला पैसा कराच्या हिशेबातही स्वस्तच पडतो.

आता जिथे हे गाडं अडतं ते सांगते.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याचं आणि वेचणीच्या बाईचं माझ्याच दुकानापुढे वाजलं. ती म्हणे, "मले तं एक रुपया भेटला नाही भाऊ." तो म्हणे, "बाजाराच्या दिवशीच टाकले ना व मी!" पूर्वी असं भांडण आठ-आठ दिवस चालायचं, दोन्हीकडून शपथा व्हायच्या. या वेळी त्यानं फोन काढला, बोटानं खाली-खाली सरकवत गेला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. तारीख, वेळ, रक्कम, खाली बारा आकडी नंबर. नाव मात्र तिच्या पोराचं. पैसे त्याच्या खात्यात गेले होते आणि तिथून गाडीच्या पेट्रोलमध्ये. शेतकरी खरा ठरला, आणि बाईही खोटी नव्हती.

हे घरोघरी आहे. बाईच्या नावानं खातं असतं, लाडक्या बहिणीचे १५०० त्यात येतात, पण खात्याला नंबर पोराचा नाहीतर नवऱ्याचा. यूपीआय चालतं बँकेत जोडलेल्या सिमवर, म्हणजे ज्याच्या खिशात ते सिम, पैसा त्याच्या मुठीत. काही जणी अंगठा लावून पैसे काढतात. त्यात वेगळीच अडचण. ऐन वेचणीत बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं इतकी ओरखडलेली असतात की मशीन अंगठा घेतच नाही. गोडं तेल चोळून, पदराला पुसून परत लावायचा. तरी नाही घेतला तर तशाच माघारी, रोजी बुडते ती वेगळीच.

म्हणून खात्याला मोबाईल नंबर जोडायचे कोरे अर्ज मी बँकेतून आणून गल्ल्यात ठेवले आहेत. नंबर एकदा जोडला गेला आणि तोच आधारलाही असला, तर एटीएम कार्ड नसतानाही आधारच्या ओटीपीवर यूपीआयचा पिन तयार करता येतो, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. साधा, बटणांचा फोन असेल तर मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, फोन लावून पैसे पाठवता येतात. पिन तयार झाला की मी तीन गोष्टी घोकून घेते. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, द्यायला लागतो. दुसरी, फसगत झाली तर रडत बसू नको, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० लगेच लाव.

तिसरी गोष्ट, पिन कोणालाही सांगायचा नाही. परवा एकीनं अर्जावर सही करता करता विचारलं, "नवऱ्यालेही नाही?"

म्हटलं, "त्याले तं पहिले नाही."