गवत कापणं सोपं, गोळा करणं हेच खरं काम

देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळा संपेपर्यंत गवत कमरेला लागतं, त्यात नवल काही नाही, चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडल्यावर कातळाच्या फटीतनंसुद्धा काहीतरी उगवणारच. प्रश्न हा की नंतर त्याचं करायचं काय. आमच्याकडे सरळ पद्धत अशी की बेणणी (गवताची कापणी) करून घ्यायची, गवत तिथेच सुकू द्यायचं आणि मग काडी लावायची. किंवा नाही लावली तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठूनतरी वणवा गडगा (बागेची दगडी भिंत) ओलांडून आत येतो आणि मोहोर-कैरीसकट आंब्याची कलमं होरपळतात. म्हणून गवत बागेबाहेर काढायचंच, आणि काढायचंच आहे तर खत का करू नये, एवढाच माझा हिशोब.

शेजारचे काका मात्र दरवर्षी गडग्यावरून ऐकवतात, "कशाक इतको त्रास घेतंस रे, एक काडी लावलंस की झाला!" मी हसतो. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर गवत गोळा करायला कोणी तयार नसतं, कारण गवतात हात घालायचा म्हणजे फुरसं हा विषारी साप असण्याची भीती, आणि कातळावर फुरशी भरपूर. ही भीती उगाचची नाहीये.

तर यावर माझा उपाय मिनी ट्रॅक्टर. १८ एचपीचा, मागे स्लॅशर (गवत कापणारं फिरत्या पात्यांचं अवजार), पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. मोठा ट्रॅक्टर आमच्या बागेत फिरतच नाही, आणि जुन्या कलमांच्या फांद्या जिथे जमिनीला टेकल्यात तिथे मिनीही शिरत नाही, तिथे ग्रासकटरच चालवायचा. स्लॅशर चालू असताना आजूबाजूला कोणी उभं राहायचं नाही, जांभ्या दगडाचा खडा असा सुटतो की डोळाच जायचा. आणि गवत गुंडाळलं तर आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, मगच खाली उतरायचं.

कापायची वेळ महत्त्वाची. परतीचा पाऊस गडगडाट करून गेला की लगेच, कुसळं धरायच्या आत. एकदा कुसळं धरली की ती कपड्यात, पायात आणि मग खतातही, शिवाय गवत वाळून पोषण गेलेलं. हिरवं असताना कापलेल्या गवतात नत्र जास्त. एक दिवस ऑक्टोबरच्या उन्हात पडू द्यायचं, ओलं ओलं ढिगात टाकलं तर चिकटून गोळा होतो, हवा जात नाही आणि अमोनियाचा असा वास सुटतो की घरचेच ओरडतात.

आता गोळा करण्याचं. वेल्डिंगवाल्याकडून स्प्रिंगच्या दात्यांचं दाताळं करून घेतलंय, ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीला) लागतं. हायड्रॉलिकने घट्ट दाबून ठेवायचं नाही, मोकळं सोडायचं, म्हणजे दाते दगडावरून उचलून पुढे जातात, नाहीतर पहिल्याच चिऱ्याला वाकतात. ते ओढलं की गवताच्या ओळी लागतात. ट्रॉली कलमांमधून वळत नाही, म्हणून बंदरावरनं मासेमारीचं जुनं जाळं आणलं, ते ओळीच्या टोकाला पसरायचं, लांब दांड्याच्या दाताळ्याने गवत त्यावर ओढायचं, चारी टोकं बांधून हुकाला लावायचं आणि हळूहळू ओढत खताच्या हौदापर्यंत न्यायचं, हाताने गवत उचलायचं कामच नाही. ट्रॉलीपेक्षा हे मला जास्त आवडलं, खरं सांगतो. फक्त जाळं कुजकं नको, नायलॉनचे तुकडे खतात गेले की कायमचे राहतात.

हौद चिऱ्यांचाच, चिरे थोडी फट सोडून रचलेले, चार फूट रुंद, चार फूट उंच. नुसत्या हिरव्या गवतात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) गुणोत्तर १५-२० ला एक असतं आणि ढीग नीट तापायला २५-३० ला एक लागतं, म्हणून मध्येमध्ये पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, घालायचा, तो कलमांखाली फुकट पडलेला असतो. वर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. आमच्या होमस्टेसमोरच्या लॉनचं बारीक गवत तर अजूनच चिकट, त्याचा चार बोटांपेक्षा जाड थर द्यायचा नाही. नीट जमलं तर तीन-चार दिवसांत ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो, लोखंडी सळी खुपसून ठेवायची आणि काढून बघायची, हातात धरवत नाही. या उष्णतेत बहुतेक बिया मरतात, रानमोडी या तणाच्यासुद्धा. मग थंड झाला की पलटी मारायची.

गवत तसंच बुंध्यात का नाही टाकत, असं बरेच विचारतात. टाका की, पण आमच्या जांभ्यात वाळवी फार, सुकं गवत बुंध्याला लागून टाकलं की ती वर चढलीच. कुजवून मग पावसाच्या सुरुवातीला फांद्यांच्या घेराखाली चरात द्यावं हे बरं. मोठ्या कलमाला ५० किलो शेणखताची शिफारस आहे, आणि ढीग कुजून निम्म्याहून कमी उरतो, त्यामुळे सगळ्या बागेला हे पुरतं असं समजू नका, आम्ही अजूनही शेणखत विकत घेतोच.

एक भानगड मात्र आहे. खतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि खाली माडांची वाडी आहे. पलटी मारताना जाड पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाकायच्या, नाहीतर पुढच्या वर्षी माडाची नवी पातं त्रिकोणी कातरलेली निघतात. मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडरही मिसळतो. आणि यंदा हौदावर बारीक आसाचं (भोकांचं) जाळं अंथरणार आहे, भुंगे त्यात पाय अडकून राहतात. बंदरावर सांगून ठेवलंय, फाटकं असलं तरी चालेल म्हटलं.