तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत जगणं खरंच चांगलं आहे का?

कोल्हापुरात राजारामपुरीत मी जर्मन शिकवते. पोराची फी भरायला आलेले आई-वडील हमखास विचारतात, "मॅडम, तिकडं जगणं खरंच एवढं चांगलं असतं का?"

असतं. मात्र ते पगाराच्या आकड्यात शोधू नका. युरोला रुपयांनी गुणून इथं पेढे वाटले जातात आणि पहिली पगारस्लिप आली की मला फोन येतो: तीन हजारांतले जेमतेम दोन हजारच हातात कसे? एकट्या माणसाच्या पगारातला जवळपास तिसरा हिस्सा कर आणि विम्यांत कापला जातो. घरभाडं त्यानंतर.

माझा एक विद्यार्थी डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कंत्राटावर होता. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की जर्मनीत पाठ धरली तरी तो कामावर जायचा. शेवटी डॉक्टरनं सक्तीनं घरी बसवलं. तिथं नोकरीला चार आठवडे झाले, की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकानं द्यायचा, असा कायदाच आहे. पुढं आरोग्य विम्याकडून पगाराचा मोठा भाग मिळत राहतो. "कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, मॅडम," एवढंच तो म्हणाला. चांगलं जगणं म्हणजे माझ्या लेखी हेच, आणि कापल्या जाणाऱ्या त्या पैशांवरच ते उभं आहे.

भाषेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. नर्सिंगच्या मुली जर्मनची बी-वन ही मधली पातळी झाली की बॅग भरायला घेतात. तिथं नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण त्याच्या वरचं बी-टू लागतं, आणि रात्रपाळीला एखादी आजी गावाकडच्या बोलीत कुठं दुखतंय ते सांगायला लागली, की तेही अपुरं पडतं. आणखी सहा महिने थांबा, म्हणून मी भांडते.

वडील पार्किंगकडं वळले की आई हळूच विचारते, "आम्हाला कधी नेता येतं का?" 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर कुशल कामगार म्हणून तिथं राहण्याचा परवाना पहिल्यांदाच मिळालेल्यांना आई-वडिलांना नेण्याची वाट कायद्यानं उघडली आहे. अट अशी, की त्यांचा खर्च पोरानं उचलायचा आणि त्यांचा आरोग्य विमा दाखवायचा. साठी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाचा तिथला विमा महाग पडतो, मिळणंही अवघड. बहुतेक घरांचं घोडं इथंच अडतं. म्हणून पोरानं करारावर सही करण्याआधीच, तुमचं म्हातारपण कुठं आणि कुणाजवळ जाणार, हे त्याच्याशी समोर बसून बोलून घ्या.